समासातले शेरे

"पप्पा, ही दोन माणसं वेगळी आहेत."

लेकीनं हे जाहीर केलं तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो. खारी चहातच राहिली. जुलै संपत आलेला, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलेली, शाळांना पुराची सुट्टी. आमच्या भागात पाणी शिरत नाही, पण कोल्हापुरात पूर आला की तो सगळ्यांच्याच घरी येतो. दुधाची गाडी उशिरा येते, भाजी महागते, आणि सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव एकमेकांना 'किती फुटांवर गेलं?' एवढंच विचारत असतं. हॉलमध्ये आडव्या बांधलेल्या दोरीवर तीन दिवसांची न वाळलेली कापडं, त्यांचा तो कुबट वास, आणि त्याखाली दिवाणावर पाय वर घेऊन बसलेली माझी तेरा वर्षांची मुलगी. मांडीवर जाडजूड इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठावर निळा ड्रॅगन. कोपऱ्यांना पिवळी पडलेली सेलोटेप.

"हे बघा की. हा जो शब्दांचे अर्थ लिहितोय ना, हा चांगला माणूस आहे. पेन्सिलीनं लिहितो, बारीक लिहितो, म्हणजे दुसऱ्याला वाचताना त्रास नको. आणि हा दुसरा, बॉलपेनवाला. शहाणा. ह्याला बहुतेक एकपण मित्र नसणार."

दोन्ही अक्षरं माझी होती.

पुस्तक घरी आलं त्याला कारण मीच. राजारामपुरीतलं एक खासगी वाचनालय बंद होत होतं. महिन्याची वर्गणी भरायची आणि एका वेळी एक कादंबरी, एक मासिक न्यायचं, असल्या वाचनालयांतलं. मालक काका थकले होते, मुलगा बेंगळुरूला. पाच पुस्तकं शंभर रुपये, असा पुठ्ठा दारात लावलेला. मी लेकीला घेऊन गेलो, ती इंग्रजीच्या अर्ध्या रॅकपाशी रेंगाळली आणि मी मराठीच्या धुळीत शिरलो. घरी येऊन पिशवी रिकामी केली तेव्हाही मला ते पुस्तक ओळखू आलं नाही. ओळखू आलं ते आतल्या पानावरचा जांभळा शिक्का दिसल्यावर. 'पुस्तकावर काहीही लिहू नये.' आणि त्या शिक्क्याला चारी बाजूंनी घेराव घातल्यासारखं लिहिलेलं.

पुस्तक 'एरागॉन'. क्रिस्टोफर पाओलिनीचं. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं म्हणून गाजलेलं, आणि पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं म्हणूनच शिव्या खाल्लेलं.

त्या एका प्रतीवर कोल्हापुरातल्या किती जणांनी आपलं मत नोंदवून ठेवलंय, ते मी त्या रात्री मोजलं. निदान सात वेगळी अक्षरं. लेखकाची माहिती आहे तिथं 'पंधरा' या वयाखाली कुणीतरी रेघ मारलीय आणि शेजारी लिहिलंय, 'या वयात आम्ही सायकल शिकत होतो.' त्याच्याखाली वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात: 'ज्ञानेश्वर महाराजांनी याच वयात ज्ञानेश्वरी लिहिली. शके १२१२.' आणि त्याच्याही खाली, हिरव्या शाईत: 'काका, महाराजांनी सांगितली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी.' बरोबरच आहे म्हणा. पण अमेरिकेतल्या मोंटानातल्या एका पोराच्या ड्रॅगनच्या गोष्टीवर येऊन हा वाद घालायचा, हे फक्त आपल्याकडंच होऊ शकतं. सुरुवातीला पाओलिनीनं त्या कल्पित मुलखाचा नकाशा दिलाय. त्यावर एकानं नायकाचा प्रवास लाल पेननं ठिपके ठिपके देत आखलाय आणि एका वळणावर 'इथं कागल नाका' असं लिहिलंय. मधे कुठंतरी एक म्हातारा मरतो. ते व्हायच्या पंधरा पानं आधी कुणा नतद्रष्टानं लिहून ठेवलंय: 'आता म्हातारा जाणार.' त्यावर दोन वेगवेगळ्या अक्षरांत शिव्या आहेत. एक छापण्यासारखी नाही, दुसरी 'तुझ्या घरी पाणी शिरो' अशी आहे. कोल्हापुरात याहून कडक शाप नाही.

आणि यातच माझे शेरे. पहिल्या चाळीस पानांवर पेन्सिलीनं, ओळींच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात मराठी अर्थ. शीर्षकाच्या पानावर बॉलपेननं: 'पंधरा वर्षांच्या पोरानं लिहिलंय, तेवढ्याच बेतानं वाचावं.' खाली रेघ.

हा माणूस मी होतो. २००७ सालचा.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा, बी. कॉम. होऊन बसलेला, स्पर्धा परीक्षेच्या दुसऱ्या खेपेची तयारी करणारा. तयारी म्हणजे सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जायचं, खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरायची, आणि मग चहाला बाहेर पडायचं. इंग्रजीचा पेपर हा माझा कच्चा दुवा. कुणीतरी सांगितलं, वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचून काही होत नाही, गोष्ट वाच, गोष्टीच्या ओढीनं इंग्रजी येतं. म्हणून वाचनालयातल्या त्या अर्ध्या रॅकवरून मी सगळ्यात जाड पुस्तक उचललं. वर्गणी वसूल व्हावी हा हिशेब. उतारा लिहून आणावा तसा पहिल्या चाळीस पानांना मला चार दिवस लागले. शब्दकोश एका मांडीवर, पुस्तक दुसऱ्या मांडीवर. सुरुवातीलाच 'शेड' नावाचा प्राणी येतो, त्यावर मी शब्दकोश बघून 'सावली' लिहिलं आणि पुढची कितीतरी पानं एक सावली घोड्यावर बसून लोकांना मारत फिरतेय, हे निमूटपणे मान्य केलं. परदेशी कादंबरी आहे, असेल तसं.

मग कधी कोण जाणे, शब्दकोश बाजूला पडला. तो खाटकाचा प्रसंग असावा. एरागॉन, वय पंधराच, डोंगरात शिकारीला गेलाय, हरीण हातचं गेलंय, आणि सापडलाय एक निळा गुळगुळीत दगड. घरात खायला नाही, म्हणून तो गावातल्या खाटकाकडं जाऊन म्हणतो, पैसे नाहीत, हा दगड घे आणि मटण दे. आणि दगड त्या भुताटकीच्या डोंगरातला आहे हे कळल्यावर खाटीक खवळतो. हे मला इतकं कळलं! रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे कळायला शब्दकोश लागत नाही. तिथून पुढची साडेचारशे पानं मी चार रात्रींत संपवली. आई दिवा बंद कर म्हणून ओरडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन, फरशीवर, गॅसच्या सिलिंडरला टेकून. पहाटे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि डोक्यात इंग्रजी वाक्यं आपोआप फिरत असायची. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजी वाचतोय हे मला आठवत नव्हतं.

(ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. पुस्तक येऊन वीस वर्षं होऊन गेलीत, माझ्या घरी पाणी शिरो म्हणू नका.)

तो म्हातारा मरतो ना, ब्रॉम, गावात गोष्टी सांगणारा. मरताना कळतं की तो स्वतःच कधीकाळी ड्रॅगनस्वार होता आणि त्याचा ड्रॅगन मारला गेला होता. गोष्ट सांगणारा म्हातारा म्हणजे गोष्टीतलाच माणूस. एरागॉन त्याला वालुकाश्माच्या थडग्यात ठेवतो. मग सफीरा, ती निळी ड्रॅगन मादी, पुढं येते आणि त्या दगडाला नाक लावते. आणि थडगं आरपार हिऱ्यासारखं होतं. आत म्हाताऱ्याचा चेहरा दिसत राहतो, आता त्याला काळ काही करू शकत नाही. स्वयंपाकघराच्या गार फरशीवर बसून मी तेवीस वर्षांचा घोडा हमसून रडलो. आमचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि तेव्हा पै-पाहुणे, खांदा, दहावं, यांत मला रडायचं राहूनच गेलं होतं. ते तिथं निघालं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला म्हणून पिशवीत घातलं आणि वाटेत टपरीवर थांबलो. तिथं आमचा एक मित्र होता, पुण्याला इंजिनिअरिंग केलेला, सिनेमांनी भरलेली हार्डडिस्क बाळगणारा. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं आणि हसला. "हे वाचालास होय? अरे हे सगळं स्टार वॉर्स आहे." आणि त्यानं बोटं मोडत सांगितलं. शेतावर काकाकडं वाढलेला पोरगा. काकाला सत्तेची माणसं मारतात. एक म्हातारा भेटतो, तो जुन्या योद्ध्यांपैकी शेवटचा. तो पोराला तलवार देतो, विद्या शिकवतो आणि मरतो. तुरुंगातल्या राजकन्येची सुटका. शेवटी बंडखोरांच्या बाजूनं मोठी लढाई. "फक्त अंतराळाऐवजी ड्रॅगन. आणि एल्फ, बुटके वगैरे टॉल्किनचे. खरं नाव कळलं की वस्तू ताब्यात, ही जादू तर ले ग्विनची. पुस्तकाचं नावच बघ की, ड्रॅगनमधलं डी काढून पुढचं अक्षर घातलंय!"

मी मान हलवली. "व्हय, मलापण तसंच वाटलं."

मी स्टार वॉर्स बघितलेला नव्हता. टॉल्किनचं नाव ऐकून होतो. ले ग्विन हे पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ती बाई आहे की बाप्या, हेही मला माहीत नव्हतं. पण टपरीवर अजून चौघं होते, आणि रडलो हे सांगायची ती जागा नव्हती. तिथंच, कटिंगचा ग्लास पुस्तकावर ठेवून (तो गोल डाग अजून आहे), खिशातलं बॉलपेन काढून मी शीर्षकाच्या पानावर तो पहिला शेरा मारला. मित्रांना दाखवला. हशा पिकला. मग जोर चढला, आणि थडग्याचं पान काढून तिथंही लिहिलं: 'इथून तिथून उचललेलं. स्टार वॉर्स बघा.' त्याखाली दोन रेघा. नेमकं ते पान मी का काढलं असेल, याचं उत्तर मला आज माहीत आहे, पण तेव्हा विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, असंच, उघडलं आणि आलं.

मित्र चूक नव्हता, हे सांगायला हवं. पुढं दोन-तीन वर्षांनी मी स्टार वॉर्स बघितला, १९७७ चा पहिला, आणि तो तंतोतंत तसाच होता. ज्या मोठमोठ्या समीक्षकांनी 'एरागॉन'ला उसनवारी म्हटलं त्यांनी काही खोटं लिहिलेलं नाही. वर्णनांचा सोसही खरा. एक सूर्यास्त करायला पाओलिनीला जितकी विशेषणं लागतात, तितक्यांत आमच्या काकूंचं लग्न लागलं असतं. पण मत बरोबर असणं आणि मत माझं असणं, या दोन गोष्टी निराळ्या. टपरीवर मी जे लिहिलं ते उत्तरपत्रिकेत शेजारच्याचं बघून लिहिल्यासारखं होतं. चोरीचा आळ मी चोरलेल्या वाक्यानं घेतला होता.

आणि अजून एक. लेखक १७ नोव्हेंबर १९८३ चा. मी त्याच वर्षीच्या दिवाळीतला. आमच्यात दोन आठवड्यांचं अंतर. 'पंधरा वर्षांचं पोर' म्हणून मी ज्याला टपली मारत होतो तो तेव्हा माझ्यासारखाच तेवीसचा होता. त्याचा दुसरा भाग २००५ मध्येच आलेला, पहिल्यावर सिनेमाही निघून पडलेला. आणि मी अभ्यासिकेत खुर्चीवर रुमाल टाकत होतो. माहितीच्या पानावरचा तो आकडा मला टोचत होता. वय लहान म्हटलं की माणूस लहान होतो, ही सोय मला हवी होती.

या पोराची हकीकत पुढं कधीतरी मी सविस्तर वाचली, आणि वाचताना मला फार ओळखीचं असं काहीतरी वाटलं. मोंटानात पॅराडाइज व्हॅली नावाचं डोंगरांनी वेढलेलं खोरं. आई-वडिलांनी घरीच शिकवलेलं, शालेय शिक्षण पंधराव्या वर्षी पुरं झालं आणि पुढं काय करायचं हे ठरेना, म्हणून लिहायला बसला. लिहून झाल्यावर सगळं घर त्या पुस्तकामागं लागलं. २००२ मध्ये घरच्याच प्रकाशनातर्फे छापून घेतलं, आणि पोरगा लाल सदरा, फुगीर काळी विजार, वेणीच्या दोऱ्यांचे बूट अशा जुन्या काळच्या वेशात शाळा, ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं हिंडत सुटला. १३५ च्या वर ठिकाणी. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, दिवसभर टेबलाशी उभा, आपलंच पुस्तक विकतोय. हे मी वाचलं आणि मला गणपतीत स्टॉल लावून बसलेली आपल्याकडची कुटुंबं आठवली. आई हिशेब धरतेय, बाप खोकी उचलतोय, पोरगं गिऱ्हाइकाला हाका मारतंय. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण मला तो वेश वाचून त्याच्या वतीनं लाज वाटली होती, हे खरं.

त्या पुस्तकाचं नशीब कुणी उघडलं, तर एका मुलानं. कार्ल हियासन हा अमेरिकेतला नावाजलेला कादंबरीकार. त्याच्या सावत्र मुलानं तिकडं सुट्टीत ती घरच्या प्रकाशनाची प्रत वाचली, त्याला ती आवडली. हियासननं ते आपल्या प्रकाशकांच्या, क्नॉफच्या कानावर घातलं, आणि ऑगस्ट २००३ मध्ये पुस्तक नव्यानं बाजारात आलं. म्हणजे पहिलं मत समीक्षकाचं नव्हतंच. ते एका पोराचं होतं. आणि ते बहुधा 'भारी आहे' याच्या पलीकडं गेलं नसावं.

नकलेबद्दल बोलायचं तर माझी मलाच जास्त लाज वाटायला हवी होती, कारण मी वाढलो तो नकलेच्या वासात. माझे काका थिएटरांचे बॅनर रंगवायचे. अळशीचं तेल, टर्पेंटाइन, आणि खळ लावलेल्या कापडाचा वास. फिल्म कंपनीकडून आलेल्या वीतभर फोटोवर ते पेन्सिलीनं चौकोन पाडायचे, मग पंधरा फुटी कापडावर तितकेच चौकोन, आणि एकेका चौकोनातलं नाक, डोळा, पिस्तूल उचलून मोठं करायचे. चौदाव्या वर्षी ते या धंद्यात लागले तेव्हा पहिली तीन वर्षं फक्त ब्रश धुणं आणि चौकोन पाडणं. 'चौकोन पाडता आले की माणूस पाडता येतो,' असं म्हणायचे. पण बॅनर पुरा झाला की खलनायकाच्या गालावर ते एक लाल फटकारा मारायचे, जो मूळ फोटोत कधीच नसायचा. गावात जाणकार लोक त्या फटकाऱ्यावरून हा बॅनर कुणाचा, हे ओळखायचे. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. फ्लेक्स आले आणि काकांचा धंदा बसला. २००५ मध्ये ते गेले. नाहीतर त्या टपरीवरच्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्यांना विचारलं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा विचारलं नसतंच.

आमच्या गावाचा सगळा सिनेमाचा तोराच मुळी असा आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी विलायती यंत्राचं मर्म जाणून घेऊन इथं देशी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव मधेच गेले, बाबूरावांनी तो तडीला नेला, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२० मध्ये 'सैरंध्री'. गोष्ट महाभारतातली, यंत्राची कल्पना साहेबाची, आणि तरी अभिमान आमचा. खांडेकरांचा ययातीसुद्धा महाभारतातूनच चालत आमच्या गावात आला आणि ज्ञानपीठ घेऊन गेला. मोठ्या माणसानं घेतलं की आपण त्याला परंपरा म्हणतो. पोरानं घेतलं की उचललं.

आता यावर लगेच कुणी म्हणेल, म्हणजे उसनवारी माफ? तसं नाही. पाओलिनीनं उसनं घेतलेलं झाकलेलं नाही, ही त्याची खोडही आहे आणि गंमतही. पंधरा वर्षांचं पोर खाऊगल्लीत सोडा आणि हातात पाचशेची नोट द्या. ते भेळ घेईल, वर डोसा, वर कटवडा, आणि शेवटी आइस्क्रीम. सगळं एकाच ताटात. पोटात दुखेल की नाही हा प्रश्न त्याच्या गावीही नसतो. त्याला जे जे आवडलं होतं ते ते त्यानं आणलंय: ड्रॅगन, तलवार, एल्फ, जुन्या नॉर्स भाषेतून घेतलेले जादूचे शब्द, आपल्या खोऱ्यातले डोंगर. चाळिशीतला लेखक हेच घेताना लेबलं काढतो, वाटण बदलतो. माझं मत विचाराल तर (आता कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो) 'वयाच्या मानानं छान' हे या पुस्तकाबद्दलचं सगळ्यात आळशी मत आहे. चौकाचौकांत दहावीच्या पोरांचे फ्लेक्स लावतो त्यातलं. ते पुस्तकाबद्दल काहीच बोलत नाही. 'सगळी चोरी' हे निदान वाचून म्हणावं लागतं. किंवा माझ्यासारखं, न बघता.

लेकीची मतं निराळीच. हा जो लेखक आहे तो कधीतरी पंधराचा होता, याचं तिचं कौतुक पाच मिनिटंच टिकलं. "दहावीत होता? मग क्लास नव्हता त्याला?" मी म्हटलं, शाळेतच जात नव्हता, घरी शिकला. "हां, मग काय. वेळच वेळ." विषय संपला. वर्णनं ती सरळ उड्या मारत ओलांडते. सफीरा तिला आवडते, पण एरागॉन 'जरा मठ्ठ' आहे, कारण अंडं आहे हे कळायला त्याला इतकी पानं का लागली, मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे की. आणि समासातल्या लोकांशी तिचं वेगळंच चाललेलं असतं. कागल नाक्याला ती खूप हसली. सच्चिदानंदबाबा कोण, ते तिनं आजीला विचारलं. आजीनं शेवटची ओवी म्हणून दाखवली, मग पसायदानही म्हटलं, आणि पुराच्या त्या अंधारलेल्या दुपारी वीज गेलेली असताना दोघी एका दिव्याखाली बसून राहिल्या, ड्रॅगन मांडीवर.

पेन्सिलवाल्यावर तिचा जीव जडलाय. "ह्यानं किती कष्ट घेतलेत बघा. एकेका ओळीत सहा-सहा शब्द." तिला इंग्रजी माझ्यापेक्षा केव्हाच चांगलं येतं, अर्थांची तिला गरज नाही, तरी ती ते वाचते. एके ठिकाणी थांबून तिनं जांभळं जेलपेन काढलं. शेड शब्दावरचं 'सावली' तिनं हलक्या हातानं खोडलं आणि वर लिहिलं: 'सावली नाही, अंगात भुतं शिरलेला जादूगार. पण ठीक आहे, नवीन होता तुम्ही.' शाळेतल्या बाई लिहितात तशा सुरात.

"आणि चाळीस पानांनंतर तो गेलाच," ती म्हणाली. "कंटाळला असेल का?"

"नाही," मी म्हटलं. "कळायला लागलं असेल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पेपर उचलला. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, ती बातमी मी तीनदा वाचली.

सांगून टाकायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण काय सांगणार? पेन्सिलवाला मी आहे, हे सांगितलं की बॉलपेनवालाही मीच, हे सांगावं लागतं. आणि तिला त्या दोघांत निवड करता आली होती, इतक्या स्वच्छपणे, इतक्या पटकन. रात्री ती झोपल्यावर मी खोडरबर घेऊन बसलो. पेन्सिलीचे अर्थ काही ठिकाणी नुसतं बोट फिरवलं तरी पुसट होतात. बॉलपेन जसंच्या तसं. शीर्षकाचं पान घासून घासून पातळ झालं, कागदाचे तंतू निघाले, अक्षर तसंच. उलट आता तिथं कुणीतरी खोडायला गेलं होतं, हेही दिसायला लागलं.

मग थडग्याचं पान काढलं. सतरा वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होतो. माझा शेरा होता. 'इथून तिथून उचललेलं. स्टार वॉर्स बघा.' दोन रेघा. आणि त्याखाली, मला अजिबात अपेक्षा नसताना, आणखी एक अक्षर. गोल, जरा थरथरतं, निळ्या शाईचं. वयस्कर बाईंचं असेल, किंवा एखाद्या लहान मुलाचं, मला ठरवता येईना. तीनच शब्दांचं वाक्य, आधी दोन शब्दांची मखलाशी.

'असू दे. मला रडू आलं.'

माझ्या मताखाली माझंच मत होतं, आणि ते लिहायची हिंमत दुसऱ्या कुणाला झाली होती. त्या माणसानं माझ्याशी भांडण केलं नव्हतं. 'तू लिहून दाखव' म्हटलं नव्हतं. स्टार वॉर्स नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं. नुसतं असू दे. मी पुस्तक मिटून दिवाणावर होतं तसं ठेवलं, तिची खूण म्हणून घातलेली बसची तिकिटं सरकणार नाहीत याची काळजी घेत. खूण थडग्याच्या पानापासून साधारण तीस पानं अलीकडं होती.

दुसऱ्या दिवशी पाणी एका फुटानं उतरलं. शाळा अजून बंदच. ती दिवसभर वाचत होती, मी दिवसभर घरातच काहीबाही शोधत होतो. पंख्याला तेल, खिडकीला पाचर. शिरोलीची आमची फौंड्री त्या दिवशी बंद होती, मला कुठं पळायलाही जागा नव्हती. रात्री जेवणं झाली, बायको आणि आई झोपल्या. तिच्या खोलीत दिवा चालू. मी हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून पुराच्या बातम्या बघत बसलो. साडेदहा. पावणेअकरा. पागोळ्यांचा आवाज.

अकराच्या सुमाराला ती बाहेर आली. सरळ स्वयंपाकघरात गेली, पाणी प्याली, बराच वेळ प्याली. परत जाताना माझ्यासमोरून गेली तेव्हा नाक लालबुंद.

"काय झालं?"

"काय नाही. एवढ्या रात्री कोण कांदा चिरालंय काय?"

आणि दार लावून घेतलं.

सकाळी ती उठायच्या आत मी पुस्तक उघडलं. माझ्या दोन रेघा. खाली 'असू दे. मला रडू आलं.' आणि त्याखाली जांभळ्या जेलपेननं, पानाच्या अगदी कडेला, 'मला पण.' मी पेन्सिल शोधायला लागलो. तिच्या कंपासमध्ये एक होती, फ्रिजवरच्या डब्यात एक, आणि एक आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीला सुतळीनं बांधलेली. तिन्हींना टोक नव्हतं. शार्पनर शाळेच्या दप्तरात असणार, आणि दप्तर ती झोपली होती त्या खोलीत.